फ्रान्सचा दौरा, मधाची बरणी आणि सोलापूरचे उत्पादक

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोप सहलींच्या पानभर जाहिराती आता सोलापूरच्या आवृत्त्यांतही येतात. शिवाय राज्याच्या कृषी विभागाची शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्यांची योजना आहेच. दोन्हीकडे फ्रान्स म्हटले की पॅरिस: आयफेल टॉवर, नदीतली बोट, खरेदी, की चला पुढच्या देशाला. ज्याला नुसते फिरायचे आहे त्याने खुशाल फिरावे. पण सांगोल्याचा डाळिंब बागायतदार, मंगळवेढ्याचा ज्वारीवाला, शेंगा चटणी करणारा बचत गट, करडईचा घाणा चालवणारा आणि जिल्ह्यातले थोडेसे मधपाळ, यांनी एवढे पैसे घालून तिकडे जायचेच तर पॅरिसला एक दिवस पुरे. बाकीचे दिवस एकाच मुलखात, खेड्यांत काढावेत. मालाला गावाचे नाव लावायचे आणि ते नाव राखायला कोणते नियम पाळायचे, हे तिथल्या मधपाळाकडून, चीज करणाऱ्याकडून, अक्रोडाचे तेल काढणाऱ्याकडून समजून घेण्यासारखे आहे. कुठे जावे, काय बघावे, काय विचारावे, याची माहिती कामाची वाटली म्हणून हे पत्र.

आधी फुलोऱ्याचे वेळापत्रक बघावे, विमानाचे नंतर. फ्रान्समध्ये एप्रिलमध्ये मोहरीच्या जातीच्या कोल्झाचा मध येतो, मेमध्ये ज्याला तिथे ‘अकासिया’ म्हणतात त्याचा. हे झाड आपली बाभूळ नव्हे, रोबिनिया नावाचे वेगळे झाड आहे. त्याचा मध फिका आणि महिनोन्‌महिने पातळ राहणारा. जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत दक्षिणेकडच्या सेव्हेन डोंगरात चेस्टनट फुलतो. त्याचा मध गडद, जिभेवर कडवट आणि फ्रुक्टोज जास्त असल्याने सहसा न गोठणारा. प्रोव्हान्समधल्या वालँसोलच्या पठारावर लॅव्हेंडर बघायचा तर जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा मध्य. त्यानंतर कापणी सुरू होते आणि ऑगस्टमध्ये तिथे नुसते खुंट उरतात. सो हे गाव जास्त उंचीवर असल्याने तिथला बहर थोडा मागे असतो आणि 15 ऑगस्टला तिथे लॅव्हेंडरचा उत्सव भरतो. मे महिन्याच्या सहलीच्या जाहिरातीत जांभळ्या शेतांचा फोटो दिसला, तर सहल कंपनीला तारीख विचारावी.

वालँसोलला दिसते ते बहुतेक पीक लॅव्हेंडरचे नसून लावांदँ या संकराचे असते. हा संकर वांझ असतो, त्याची रोपे काड्यांपासून करतात. मकरंद भरपूर, पराग जवळजवळ नाही. त्यामुळे मध कशाचा हे तपासताना परागकण मोजून भागत नाही, चव, रंग आणि विद्युतवाहकताही बघावी लागते. आपल्याकडे ‘अमुक फुलांचा मध’ असे छापताना इतका विचार कोण करतो?

ईशान्येच्या व्होज डोंगरातला मध तर फुलांचा नसतोच. देवदारासारख्या दिसणाऱ्या फर वृक्षाचा रस मावा शोषतो, त्याच्या अंगातून चिकट गोड द्रव बाहेर पडतो आणि मधमाश्या तो गोळा करतात. त्याला हिरवट झाक असलेला गडद तपकिरी रंग येतो. 1996 पासून या मधाला नामसंरक्षण आहे, म्हणजे ते नाव त्या मुलखातल्या नियमात बसणाऱ्या मालालाच लावता येते. हवामान बिघडले, मावा आला नाही, तर त्या वर्षी हा मध मिळत नाही. दुकानात ‘संपला’ अशी पाटी लागते, दुसरा मध त्या नावाने खपवत नाहीत. कॉर्सिका बेटाच्या मधाला 1998 मध्ये असेच संरक्षण मिळाले. तिथे हंगाम आणि झाडोरा यांप्रमाणे सहा प्रकार ठरवले आहेत आणि बरणीवर प्रकार लिहावा लागतो.

आता मधपाळाकडे गेल्यावर काय बघायचे. बहुतेक पाहुणे पेटी उघडून दाखवा म्हणतात. माश्यांचे फोटो छान येतात हे खरे, पण उत्पादकाने मध काढायची खोली बघावी. तिथे सगळा हिशेब उघड होतो.

तिथे दादां पेटी सर्रास दिसते: खाली दहा चौकटींची मोठी कोठी, तिच्यात राणी आणि पिलावा (अंडी, अळ्या, कोष), वर निम्म्या उंचीच्या चौकटींची मधकोठी. वरच्या कोठीत दहाच्या जागेत आठ किंवा नऊ चौकटी ठेवतात. अंतर वाढल्याने माश्या पोळे जाड बांधतात आणि सुरीने मेणाची टोपणे काढणे सोपे जाते. भरलेल्या मधकोठीत साधारण 12 ते 15 किलो मध निघतो. काढणीच्या आदल्या दिवशी दोन कोठ्यांच्या मध्ये एकेरी वाट असलेली फळी सरकवतात. माश्या खाली उतरतात, त्यांना वर परतता येत नाही. दुसऱ्या दिवशी कोठी जवळपास रिकामी मिळते, धूर फारसा लागत नाही. मात्र वर चुकून पिलावा असेल तर माश्या त्याला सोडून जात नाहीत, आणि फळी दोन-तीन दिवस तशीच विसरली तर खालच्या कोठीत गर्दी होते.

चौकट काढायची की नाही हे मेणावरून ठरते. किमान तीन चतुर्थांश घरे मेणाने बंद हवीत. शंका असली तर चौकट आडवी धरून झटका देतात. थेंब उडाले तर मध कच्चा. त्यानंतर रिफ्रॅक्टोमीटर. एक थेंब काचेवर ठेवून पाण्याचे प्रमाण वाचायचे. 18 टक्क्यांपर्यंत निर्धास्त, 20 च्या वर आंबण्याची भीती. प्रमाण जास्त निघाले तर चौकटी बंद खोलीत हवा कोरडी करणारे यंत्र लावून रात्रभर ठेवतात. पाणी काढायचे ते मध चौकटीत असतानाच. बरणीत भरल्यावर इलाज राहत नाही. सोलापूरला मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत मध लवकर पिकतो, ही आपली जमेची बाजू. पण जुलै-ऑगस्टमध्ये तोच मध उघड्या पिंपात ठेवला तर हवेतले पाणी ओढून घेतो आणि झाकणाखाली फेस धरतो.

टोपणे काढल्यावर चौकटी मधयंत्रात फिरवतात. सुरुवातीला सावकाश. भरल्या चौकटीला एकदम वेग दिला की पोळे मोडते, विशेषतः नवे पांढरे पोळे. मध जाळीतून गाळून टाकीत जातो आणि तिथे काही दिवस निवळत बसतो. मेणाचे कण आणि हवेचे बुडबुडे वर येतात, तो फेस पळीने काढून टाकतात आणि मग खालच्या तोटीतून बरणी भरतात. बरणीत वर पांढरी साय दिसली तर ती बहुधा हवा असते, निवळायला वेळ कमी दिलेला असतो. खायला त्यात काही वाईट नाही, पण गिऱ्हाईक नाक मुरडते. आपल्याकडे आग्या माशीचे पोळे कापून, त्यात पिलावा आणि पराग असतानाच मुठीत पिळतात. तो मध गढूळ होतो, त्यात पाणी जास्त राहते आणि वर्षही टिकत नाही. जंगलातला म्हणून तो शुद्ध, ही समजूत मात्र टिकून आहे.

गोठलेल्या मधाचे प्रकरण तर तिकडे जाऊन बघावेच. आपल्या गिऱ्हाइकाला बरणीच्या तळाशी दाणे दिसले की साखर घातली असेच वाटते. तिथे निम्मी बाजारपेठ घट्ट मधाची असेल, लोक तो सुरीने पावावर फासतात. कोल्झाचा मध काही दिवसांतच दगडासारखा होतो, कधी पोळ्यातच. म्हणून तो लगबगीने काढावा लागतो. घट्ट पण लोण्यासारखा मऊ मध करायची रीत सोपी आहे. पातळ मधात अगदी बारीक दाण्याचा गोठलेला मध 5 ते 10 टक्के मिसळायचा, हवा न जाऊ देता दिवसातून एक-दोनदा हळू ढवळायचा आणि 14 अंश सेल्सियसच्या आसपास ठेवायचा. आठवड्या-दोन आठवड्यांत तो एकसारखा घट्ट होतो. विरजण जाड दाण्याचे घेतले तर मधही रवाळच होणार. सोलापूरला हे डिसेंबर-जानेवारीत जमेल, एरवी थंड खोली लागेल. आणि उन्हाळ्यात तो बरणीत पुन्हा सैल पडणारच, हे विकतानाच सांगून ठेवावे. गोठलेला मध पातळ करायचा तर बरणी 40 अंशांच्या आतल्या कोमट पाण्यात ठेवायची. गॅसवर नाही.

तापवण्याचा धाक कशाला, तर मधातल्या साखरेपासून बनणाऱ्या एचएमएफ या घटकामुळे. मध तापला किंवा उष्ण जागी पडून राहिला की तो वाढतो. युरोपीय संघाच्या 2001 च्या मध निर्देशात त्याची मर्यादा किलोला 40 मिलिग्रॅम आहे, उष्ण कटिबंधातला मध असे जाहीर केले तर 80. आपल्याकडेही 80 च आहे. पाण्याचे प्रमाण साधारणपणे 20 टक्क्यांच्या आत. या आकड्यांत आपण नापास होतो ते बहुतेक वेळा चुलीमुळे नाही, साठवणीमुळे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेले मधाचे पिंप दिवसभर चाळिशीच्या वर तापते. न तापवलेला मधही तिथे तापवल्यासारखाच होतो.

लेबल कसे वाचायचे तेही सांगतो, कारण फ्रान्समधला प्रत्येक मध खेड्यातला असतो असे नाही. रस्त्याकडेच्या दुकानांत परदेशातून आलेला, मिसळलेला मधही मिळतो. बरणीवर मधपाळाचे नाव, गाव आणि ‘मधपाळाने बरणीत भरलेला’ अशा अर्थाचा मजकूर आहे की फक्त भरणाऱ्या कंपनीचे नाव, हे आधी बघावे. भेसळीतून युरोपही सुटलेला नाही. 2023 मध्ये युरोपीय आयोगाने आयात मधाच्या तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यात 320 पैकी 147 नमुने संशयास्पद ठरले. पुढे 2024 मध्ये निर्देश सुधारला. मिश्र मधावर ‘युरोपीय संघातील आणि बाहेरील मधांचे मिश्रण’ असे मोघम लिहून आता चालणार नाही. कोणत्या देशाचा किती टक्के, हे उतरत्या क्रमाने लिहायचे, आणि हा नियम 14 जून 2026 पासून लागू होतो. फ्रान्सने देशांची नावे लिहिणे त्याआधीच सक्तीचे केले होते.

मधपाळाला रोगांबद्दल जरूर विचारा, या विषयावर तो मोकळेपणाने बोलतो. माश्यांवर आणि पिलाव्यावर जगणारी व्हरोआ गोचीड फ्रान्समध्ये 1982 मध्ये पोचली. तिची मूळ यजमान आपली सातेरी माशी. सातेरी तिच्याशी जुळवून घेते, युरोपीय मेलिफेरा माशी उपचाराशिवाय दोन-तीन वर्षांत मरते. म्हणून मध काढून झाल्यावर अॅमिट्राझ या गोचीडनाशकाच्या पट्ट्या ठेवतात आणि हिवाळ्यात पिलावा नसताना ऑक्झॅलिक अॅसिड देतात. पिलावा असताना दिले तर बंद घरांतली गोचीड वाचते, सगळी मेहनत वाया. दुसरे संकट आशियाई गांधीलमाशीचे. ती 2004 मध्ये नैर्ऋत्येच्या लो-ए-गारोन भागात आढळली, चीनहून आलेल्या मातीच्या भांड्यांबरोबर आल्याचे मानतात. ती पेटीच्या तोंडाशी हवेत तरंगत उभी राहते आणि परतणाऱ्या माश्या टिपते. तेवढ्यानेही वसाहत खचते, कारण भीतीने माश्या बाहेर पडणेच थांबवतात. दारापुढे लावलेली जाळीची खोकी आणि विजेच्या तारांचे उभे सापळे ऑगस्टनंतर ठिकठिकाणी दिसतील. आपल्याकडे मेलिफेराच्या पेट्या आणणाऱ्यांनी हे सगळे टिपून घ्यावे. आणि एक कडक सूचना: तिकडून जुनी चौकट, पोळे, कच्चे मेण यातले काहीही आठवण म्हणून आणू नका. पिलावा सडवणाऱ्या फाउलब्रूड रोगाचे बीजाणू जुन्या पोळ्यात कित्येक दशके जिवंत राहतात.

मध सोडून बाकी गोष्टींत आमचा अधिकार कमी, तरी तीन ठिकाणे सोलापूरकरांच्या उपयोगाची आहेत. पहिले ज्युरा डोंगरातले कोंते चीज. गावोगावच्या सहकारी दूधशाळांत ते होते, आपल्या दूध संघातल्या मंडळींनी ते बघावेच. साधारण 40 किलोच्या एका चाकाला 400 लिटर दूध लागते, गाई फक्त ठरलेल्या दोन जातींच्या, त्यांना मुरघास द्यायला बंदी, मुरवण किमान 4 महिने. विकण्यापूर्वी प्रत्येक चाकाला 20 पैकी गुण मिळतात. 14 किंवा जास्त असतील तर हिरवी पट्टी, 12 ते 14 ला तपकिरी, आणि 12 च्या खाली गेले तर त्याला कोंते म्हणताच येत नाही. सभासदाच्याच दुधाचे असले तरीही! शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावे की कोंते, रोक्फोर अशा नामसंरक्षित चीजमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या जठरातले रेनेट (दूध घट्ट करणारे विकर) असते. चव घेण्याआधी विचारावे. मोंतेलिमारच्या नुगा मिठाईत बदाम किमान 30 टक्के असावे लागतात, मधही असतो, पण अंड्याचा पांढरा भागही असतो. मधाच्या मसालेदार पावातही काही जण अंडे घालतात. जैन कुटुंबांना मधच वर्ज्य, त्यांनी सहलीतला हा दिवस तेलाच्या गिरणीला द्यावा.

ती गिरणी म्हणजे दुसरे ठिकाण, पेरिगोर भागात. अक्रोडाचा गर दगडी चाकाखाली चिरडून लगदा करतात, तो कढईत थोड्या पाण्याबरोबर परततात आणि गरम असतानाच दाबयंत्रात घालतात. लिटरभर तेलाला साधारण 2 किलो गर लागतो. परतण्यात सगळी कला. कमी परतले तर तेल सुटत नाही आणि वासही येत नाही, जास्त झाले तर कडवट लागते. उजेडात तेल लवकर खवट होते म्हणून गडद बाटली किंवा पत्र्याचा डबा. करडई आणि शेंगदाण्याचे घाण्याचे तेल आपण पारदर्शक प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून दुकानाच्या दारात उन्हात मांडतो, तेव्हा ही एक गोष्ट उद्यापासून बदलता येईल. सार्ला गावचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, तिथे हे तेल चाखायला मिळते.

तिसरे ठिकाण बास्क प्रदेशातले एस्पेलेत. इथली लाल मिरची 2000 सालापासून संरक्षित, आणि ते नाव फक्त 10 गावांना वापरता येते. शरद ऋतूत घरांच्या पांढऱ्या भिंतींवर मिरच्यांच्या माळा टांगतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी उत्सव असतो. काळा मसाला खाणाऱ्याला ती मिरची तिखट म्हणून पटणार नाही. दहा गावांनी मिळून एका मिरचीची पूड कशी विकली एवढे बघितले तरी फेरी वसूल.

आता जाण्याच्या खाचाखोचा. उत्पादकाकडे न सांगता जाऊ नये, आठ-दहा दिवस आधी ई-मेल किंवा फोन करावा. फ्रान्सच्या कृषी मंडळांचे ‘बियांव्हन्यू आ ला फेर्म’ नावाचे जाळे आहे. त्याची पाटी असलेली शेते पाहुणे घेतात, काही ठिकाणी मुक्कामही करता येतो. एप्रिलच्या शेवटच्या शनिवार-रविवारी बऱ्याच भागांत शेते सर्वांना खुली असतात. दुपारी 12 ते 2 दरवाजे बंद, रविवारी दुपारनंतर शुकशुकाट, सोमवारीही बरीच दुकाने बंद. आठवडे बाजार सकाळी 8 ला सुरू होतो आणि दुपारी साडेबारापर्यंत उठतो. प्रोव्हान्समध्ये फोर्काल्कियेचा बाजार सोमवारी, आप्तचा शनिवारी. चाखायला पैसे पडत नाहीत, पण चाखून काही न घेता निघणे तिथेही बरे दिसत नाही. चाळीस जणांची बस मधाच्या खोलीत मावत नाही, सात-आठ जणांचे गट करावेत. खेड्यांत बस-रेल्वे तुटपुंजी, गाडी भाड्याने घ्यावी लागते. आपल्या परवान्याबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा. गाडी उजवीकडून चालवायची आणि पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. इथे आपल्या लोकांची हमखास गडबड होते.

पेटीजवळ जाताना अत्तर नको, फिकट रंगाचे अंगभर कपडे, आणि पेटीच्या तोंडासमोर उभे राहायचे नाही, बाजूला किंवा मागे. लॅव्हेंडरच्या ओळीत फोटोसाठी शिरणारेही माश्यांच्या वाटेत असतात हे लक्षात ठेवावे. डंख बसला तर काटा नखाने लगेच खरवडून काढावा. डंखाची अॅलर्जी असणाऱ्याने मधपाळाकडे जाऊच नये. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला, कितीही शुद्ध असला तरी, मधाचे बोट चाटवू नये.

इथून नेण्याच्या वस्तूंत लोक हमखास अडकतात. तूप, खवा, पेढे, चक्का असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाला नेता येत नाहीत, मांसाचेही नाहीत. मध माणशी 2 किलोपर्यंत चालतो. ताजी फळे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. सूट आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाचच फळांना. म्हणजे तिथल्या यजमानाला भगव्या डाळिंबाची पेटी भेट द्यायचा बेत असेल तर तो विमानतळावरच संपेल. शेंगा चटणी न्यावी, किंवा सरळ सोलापुरी चादर. येताना मध आणायचाच तर आपल्या कस्टम्सचे त्या वेळचे नियम बघून, आणि मोठ्या बॅगेत. हातातल्या बॅगेत मध द्रव धरला जातो आणि 100 मिलिलिटरच्या वरची बरणी काढून घेतात.

हे सगळे बघून इथे काय करायचे, यावर आमचे मत स्पष्ट आहे. सोलापूरच्या डाळिंबाला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे सत्कार झाले, बॅनर लागले. पण मंगळवेढ्याची म्हणून बाजारात विकली जाणारी ज्वारी खरोखर तिथली आहे का, हे पोते उघडून तपासणारे कोणी गिऱ्हाइकाला दिसत नाही. कोंतेच्या सभासदाला आपल्याच संस्थेकडून नापास व्हावे लागते, आणि त्याचा भाव त्यामुळेच टिकतो. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पोत्यावर गट नंबर, हंगाम आणि वाण एवढे तरी छापायला सुरुवात करावी.

मधाच्या बाबतीत आपण त्याच्याही मागे आहोत. साताऱ्यातले मांघर 2022 मध्ये मधाचे गाव झाले, त्याला महाबळेश्वरच्या जंगलाचा आधार आहे. सोलापूरकडे जंगल नाही, पण पिके आहेत: सूर्यफूल, करडई, तूर, तीळ, शेवगा, बियाण्याचा कांदा, शिवाय बांधावरचा कडुनिंब आणि बोर. पेट्या फुलोऱ्यामागे हलवल्या तर एकेका पिकाचा वेगळा मध काढता येईल. हलवायच्या त्या रात्री, माश्या घरी परतल्यावर. दिवसा बंद पेटी उन्हात टेम्पोत राहिली तर आतले पोळे वितळून माश्या त्यातच बुडतात. मे महिन्यात पेटीला दाट सावली आणि जवळ पाणी हवेच. डाळिंबाला परागीभवनासाठी पेट्या लावणाऱ्यांनी फुलोऱ्यात फवारणी टाळावी, अगदीच टळत नसेल तर संध्याकाळी माश्या परतल्यावर करावी आणि मधपाळाला आदल्या दिवशी कळवावे. आज पेट्या मरतात त्या बहुतेक न कळवता झालेल्या फवारणीने. फ्रान्समध्ये सूर्यफुलाच्या बियाण्याला लावायचे इमिडाक्लोप्रिड मधपाळांच्या रेट्यामुळे 1999 मध्येच थांबवावे लागले आणि 2018 मध्ये त्या गटातल्या कीटकनाशकांवर बंदी आली. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. या दोघांनी मिळून बहारनिहाय फवारणी आणि पेट्यांचे एक पानी वेळापत्रक जिल्ह्यासाठी काढावे, ही आमची मागणी आहे.

दुसरी मागणी कृषी विभागाकडे. पुढच्या अभ्यास दौऱ्यात फ्रान्स असेल तर निदान तीन दिवस एकाच मुलखात द्यावेत, आणि तारखा सरकारी आर्थिक वर्ष संपण्याच्या घाईने मार्चमध्ये न धरता जूनअखेरच्या धराव्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, म्हणजे निवड यादी जानेवारीतच लागायला हवी. यादी करताना ज्याच्या मालावर आज स्वतःचे लेबल आहे त्याला आधी घ्यावे, आणि परतल्यावर सहा महिन्यांनी त्या लेबलवर काय बदलले हे अहवालात मागावे.

आपले,
सोलापूर जिल्ह्यातील काही मधपाळ व फळबागायतदार